आपलेच पैसे परत मागताना

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी टीपॉयवर एक निळी प्लास्टिकची फाइल असते. आयुष्यभर महापालिकेच्या शाळेत शिकवलेल्या या बाईंचे सगळे आर्थिक व्यवहार त्या फाइलीत आहेत. पेन्शनचे कागद, मुदत ठेवींच्या पावत्या, दोन पासबुकं, पॅन आणि आधारच्या झेरॉक्स. सगळ्यात वर टाचणीनं अडकवलेला एक प्रिंटआउट. त्यातले दोन शब्द बाईंनी लाल शाईनं अधोरेखित केलेत: रिफंड फेल्ड. वह्या तपासायची सवय हाताला आहे, त्यामुळे रेघ अगदी सरळ आलीय.

रक्कम १८,४०० रुपये. २०२३-२४ या आर्थिक वर्षात बाईंना बँकेतल्या ठेवींवर १ लाख ८४ हजार रुपये व्याज मिळालं. ज्येष्ठ नागरिकांचं व्याज वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं की बँकेनं टीडीएस कापायचा, असा तेव्हा नियम होता. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा एक लाख झाली. कर लागणार नसेल तर वर्षाच्या सुरुवातीला पंधरा-एच फॉर्म भरून द्यायचा, म्हणजे बँक कापत नसे. त्या एप्रिलमध्ये यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि फॉर्म द्यायचा राहून गेला. बँकेनं नियमाप्रमाणे दहा टक्के कापले. पेन्शन आणि व्याज मिळून बाईंचं उत्पन्न सहा लाखांच्या थोडं वर. नव्या करप्रणालीत त्या वर्षी सात लाखांपर्यंत कर शून्य. म्हणजे कापलेला पैसा पुरता परत मिळायला हवा. जुलैत रिटर्न भरलं, ऑगस्टमध्ये रिफंड मंजूर झाल्याची मेल आली. पैसे मात्र आले नाहीत.

कारण कळायलाच बराच काळ गेला. बँकेतलं खातं नोकरी लागली तेव्हाचं, माहेरच्या नावाचं. पॅन काढलं लग्नानंतर, सासरच्या नावानं. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं आणि कित्येक घरांत तांदळाच्या ताटात अंगठीनं पहिलं नावही नवं लिहिलं जातं. बाईंचं असं सगळंच बदललं होतं. शाळेत, शेजारात, रेशनकार्डावर त्यानं कधी काही अडलं नाही. पॅनवरचं नाव आणि खात्यावरचं नाव संगणकानं एकमेकांशेजारी ठेवून पाहिलं तेव्हा अडलं. बँकेनं नाव बदलायला विवाह नोंदणीचा दाखला मागितला. लग्न १९७९ सालचं, कोकणातल्या गावी, मांडवात झालेलं. नोंदणी कुणी केली होती? शेवटी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागला. सत्तरीच्या बाईंनी, ४५ वर्षं लोक ज्या नावानं हाक मारतात ते आपलंच नाव आहे, हे सरकारी राजपत्रात छापून आणलं. मग बँकेनं नाव बदललं, पोर्टलवर खातं व्हॅलिडेट झालं, रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती टाकली आणि पैसे जमा झाले.

या विषयासाठी मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीत ज्यांच्याशी बोललो त्यांच्यात कुणी करचुकवे नव्हते. पगारातून, ठेवीच्या व्याजातून, कामाच्या बिलातून पैसे कापले गेल्यावरच हातात काही येणारी ही माणसं. रिफंड म्हणजे त्यांचेच कापलेले पैसे. ते उशिरा येण्यापेक्षाही जास्त बोचतं ते हे, की कुठे अडलेत आणि का, हे सांगणारं कुणी नसतं. मला या लेखात मांडायचंय ते एवढंच: ज्याचे पैसे अडवले त्याला कारण लेखी आणि वेळेत सांगणं हे प्राप्तिकर खात्याचं कर्तव्य मानलं गेलं पाहिजे, आणि आज ते तसं मानलं जात नाही.

आधी खात्याच्या बाजूनं जे खरं आहे ते सांगायला हवं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी रिटर्न प्राप्तिकराच्या वॉर्डात नेऊन द्यावं लागे, टीडीएसची मूळ सर्टिफिकेटं स्टेपल करून. खिडकीवरचा शिक्का बसलेली पोच जपून ठेवायची. रिफंड आला तर चेकच्या रूपात, टपालानं. दार बंद असलं, पत्ता बदलला असला, की चेक परत. उपनगरांत तर जुन्या चाळी आणि सोसायट्या पुनर्विकासात पाडल्या जात होत्या, माणसं दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात जात होती. परत गेलेल्या चेकांचा माग काढणं हे करसल्लागारांचं वेगळं कामच होऊन बसलं होतं. जानेवारी २००७ मध्ये स्टेट बँकेमार्फत रिफंड वाटण्याची रिफंड बँकर योजना दिल्ली आणि पाटण्यात प्रयोगादाखल सुरू झाली. पुढे बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत सेंट्रलाइज्ड प्रोसेसिंग सेंटर, म्हणजे सगळे ज्याला सीपीसी म्हणतात ते उभं राहिलं. मग काही वर्षं मुंबईकर सही केलेला एक कागद साध्या टपालानं बेंगळुरूला पाठवून तो पोचला का याची वाट पाहत असत. २०१५ पासून आधारच्या ओटीपीनं तेही काम घरबसल्या होऊ लागलं. आणि १ मार्च २०१९ पासून चेक पूर्ण बंद झाला. पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच रिफंड, दुसरा मार्ग नाही.

वेगही वाढला. प्रत्यक्ष कर मंडळानं, म्हणजे सीबीडीटीनं, सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे पडताळणीनंतर रिटर्न प्रोसेस व्हायला कर निर्धारण वर्ष २०१९-२० मध्ये सरासरी ८२ दिवस लागत होते, २०२२-२३ मध्ये १६ आणि २०२३-२४ मध्ये १०. २०२४-२५ या आर्थिक वर्षात पावणेपाच लाख कोटी रुपयांहून जास्त रिफंड दिले गेले. बहुतेकांचे पैसे लवकर येतात हे खरंच आहे. पण सरासरी दहा दिवसांवर आली की अकराव्या महिन्यात वाट पाहणारा माणूस कुणाच्या हिशेबातच राहत नाही. सोसायटीत शेजाऱ्याचा रिफंड गणपतीच्या आधी आलेला असतो, आणि याला लोक विचारतात, तुमचंच कसं अडलं, काही घोटाळा आहे का?

पैसा प्रवास कसा करतो ते पाहिलं की अडण्याच्या जागा दिसतात. बँक किंवा कंपनी टीडीएस कापते, चलनानं सरकारकडे भरते आणि दर तिमाहीला कुणाच्या पॅनवर किती कापलं याचं विवरण देते. ते सव्वीस-ए-एस या करजमेच्या विवरणात आणि २०२१ पासून एआयएस या वार्षिक माहिती विवरणात दिसतं. आपण रिटर्न भरतो आणि तीस दिवसांत ते व्हेरिफाय करतो. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न भरलेलंच धरलं जात नाही आणि दरवर्षी कित्येकांचं घोडं इथंच अडतं. सीपीसी दोन्हीकडचे आकडे जुळवते, कलम १४३(१) खाली इंटिमेशन पाठवते आणि स्टेट बँक पैसे सोडते. यातल्या कुठल्याही पायरीवर नाव, आकडा किंवा कोड हलला की पैसे थांबतात.

बँक खात्याच्या कोडचा त्रास उपनगरांनी जितका सोसला तितका क्वचितच कुणी सोसला असेल. देना बँक ही मुंबईचीच. तिच्या शाखा घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत, विशेषतः गुजराती-मराठी मध्यमवर्गाची पिढ्यान्पिढ्यांची खाती तिथं. १ एप्रिल २०१९ रोजी ती विजया बँकेसह बँक ऑफ बडोदात विलीन झाली. वर्षभरानं सिंडिकेट, ओरिएंटल, युनायटेड, आंध्र, कॉर्पोरेशन आणि अलाहाबाद या बँकाही दुसऱ्या बँकांमध्ये गेल्या. खातं तेच, शाखाही त्याच कोपऱ्यावर, पण आयएफएससी बदलला आणि २०२१ मध्ये जुने कोड बंद झाले. वर्षानुवर्षं तेच खातं रिटर्नमध्ये लिहिणाऱ्या ज्येष्ठांना पोर्टलवर जाऊन ते पुन्हा व्हॅलिडेट करायचं असतं हे सांगायला कुणी गेलं नव्हतं.

त्याहून वाईट गोष्ट भांडुपची. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं, म्हणजे पीएमसीचं मुख्य कार्यालय भांडुप पश्चिमेच्या ड्रीम्स मॉलमध्ये होतं. भांडुप, मुलुंड आणि पश्चिम उपनगरांतही असंख्य सोसायट्यांची, छोट्या दुकानदारांची, निवृत्तांची खाती तिच्यात. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले. सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढायची मुभा होती. आता तारखा शेजारी ठेवून पाहा. चेकनं रिफंड देणं त्याच वर्षीच्या मार्चपासून बंद झालं होतं. रिटर्न भरायची मुदत त्या वर्षी ३१ ऑगस्टपर्यंत वाढवलेली होती. म्हणजे ज्यांनी रिटर्नमध्ये पीएमसीचं खातं दिलं होतं, त्यांचे पैसे नेमके त्याच आठवड्यांत त्या खात्यात जमा होत होते. जे जमा झाले ते ठेवींसोबतच अडकले. सरकारच्या नोंदीत मात्र रिफंड दिला गेला होता, फाइल बंद. ती बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांचे पैसे अनेक वर्षांच्या हप्त्यांवर गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा उपनगरांतल्या करसल्लागारांना आधी काय आठवलं असेल ते समजून घ्या. ती बँक ४ ऑगस्ट २०२५ रोजी सारस्वत बँकेत विलीन झाली, रिटर्नच्या हंगामाच्या ऐन मध्यात.

घाटकोपर पश्चिमेच्या एका स्टेशनरी दुकानदाराचं खातं, नाव, कोड सगळं ठीक होतं. त्याला रिफंडऐवजी कलम २४५ ची नोटीस आली: तुमच्याकडे जुनी डिमांड बाकी आहे, रिफंड तिच्यात वळता करत आहोत, म्हणणं असेल तर २१ दिवसांत कळवा. डिमांड कर निर्धारण वर्ष २००८-०९ ची. त्या वर्षी त्यानं आगाऊ कर भरला होता, चलनाची प्रत वडिलांच्या कपाटात होती, आणि ते कपाट २०१७ सालच्या पुरात भिजलं. जुन्या काळात वॉर्डात हातानं लिहिलेल्या डिमांड नंतर सीपीसीच्या संगणकात चढवल्या गेल्या. भरलेली चलनं, दुरुस्तीचे अर्ज, अपिलातले निकाल त्यांच्यासोबत चढलेच असं नाही. २०१३ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं, एका चार्टर्ड अकाउंटंटच्या पत्राची स्वतःहून दखल घेऊन, याच प्रकारावर ताशेरे ओढले होते आणि आधी नोटीस दिल्याशिवाय रिफंड वळता करू नका असं बजावलं होतं.

अकरा वर्षांनी सरकारनं हे उघडपणे मान्य केलं. १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितलं की, अगदी १९६२ पासूनच्या किरकोळ, न पडताळलेल्या, न जुळलेल्या डिमांड अजून नोंदीत आहेत आणि त्यामुळे प्रामाणिक करदात्यांचे नंतरच्या वर्षांचे रिफंड अडतात. २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या वर्षांच्या दहा हजारांपर्यंतच्या डिमांड मागे घेतल्या गेल्या. अंदाजे एक कोटी लोकांना फायदा होईल असं त्या म्हणाल्या. घाटकोपरच्या या दुकानदाराची डिमांड ३१ हजारांची निघाली. मर्यादेच्या सहा हजार वर. भिजलेल्या चलनाचा पुरावा तो अजून शोधतोय.

या विषयात माझं मन सगळ्यात जास्त अंधेरीत गुंतलं. वर्सोवा, लोखंडवाला, वीरा देसाई रोड या पट्ट्यात टीव्ही मालिका, जाहिराती आणि वेबमालिकांवर काम करणारी हजारो माणसं राहतात: संकलक, संवादलेखक, कॅमेऱ्यामागचे, वेशभूषेवाले. यांना पगार नसतो, बिल असतं. प्रत्येक बिलातून दहा टक्के कापले जातात. समजा एका संकलकाची वर्षाची बिलं नऊ लाखांची झाली. ९० हजार कापले गेले. कलम ४४-एडीए प्रमाणे त्याचं उत्पन्न निम्मं धरता येतं, साडेचार लाख, आणि त्यावर कर शून्य. म्हणजे ९० हजारांचा संपूर्ण रिफंड. ज्याचं काम दोन महिने असतं आणि तिसऱ्या महिन्यात नसतं, त्याच्यासाठी हा आकडा म्हणजे खोलीचं डिपॉझिट, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, नवा लॅपटॉप. एका मराठी संवादलेखिकेनं सांगितलं की घरमालकाला तिनं ऑक्टोबरची तारीख दिली होती, कारण आदल्या दोन वर्षी ऑगस्टमध्येच पैसे आले होते. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाली, नाताळ झाला, पोर्टलवर तेच एक वाक्य: प्रोसेसिंग चालू आहे. तिनं डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्डावर कर्ज घेतलं. त्याचा व्याजदर सरकार रिफंडवर जे व्याज देतं त्याच्या कित्येक पट.

याच पट्ट्यात दुसरंही दुखणं आहे. निर्मिती करणारी छोटी कंपनी टीडीएस कापते आणि सरकारकडे भरतच नाही. मालिका बंद पडते, ऑफिसला कुलूप लागतं, आणि माणसाच्या सव्वीस-ए-एसमध्ये त्या बिलासमोर काहीच दिसत नाही. मग रिफंड तर नाहीच, उलट डिमांड. अशा माणसाच्या बाजूनं कायदा आहे, आणि तो आपल्याच शहरातल्या न्यायालयानं स्पष्ट केलेला आहे. पगारातून कर कापला गेला असेल, तर मालकानं तो भरला नाही म्हणून कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये कलम २०५ च्या आधारे ठरवलं. सीबीडीटीनं २०१५ आणि पुन्हा २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना तशा सूचनाही दिल्या. पण संगणक नोंद पाहतो, आणि कोर्टाचा निकाल त्याच्यापर्यंत आपणच अर्ज करून पोचवायचा असतो.

२०२५ चा हंगाम तर सुरुवातीपासून विस्कटला. फॉर्म आणि युटिलिटी उशिरा आल्या, ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबर झाली, शेवटच्या दिवशी पोर्टल रखडल्यावर आणखी एक दिवस मिळाला. त्याआधी १४ जुलैला खात्यानं देशभरात दीडशेहून जास्त ठिकाणी तपासण्या केल्या. खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणारे दलाल हे लक्ष्य होतं. ज्या राज्यांचा उल्लेख झाला त्यांत महाराष्ट्र होता. आदल्या चार महिन्यांत ४० हजार लोकांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते, असं खात्यानं सांगितलं. हे दलाल उपनगरांत कुणाला ठाऊक नाहीत? रिफंडातले अमुक टक्के मला द्या, बाकी तुमचे. कुठल्याशा अनोळखी पक्षाला देणगी दाखवायची, नसलेल्या घराचं भाडं दाखवायचं. खात्याला संशय घ्यायला कारण आहे, आणि स्वतःच्या घरातही आहे: मुंबईतल्याच एका वरिष्ठ कर सहायकानं वरिष्ठांचे लॉगिन वापरून २६३ कोटींचे बनावट रिफंड काढल्याचा आरोप सीबीआय आणि ईडीच्या प्रकरणात आहे. सार्वजनिक पैसा असा जाऊ नये, याबद्दल दुमत नाही.

प्रश्न पुढे सुरू होतो. १७ नोव्हेंबरला सीबीडीटीचे अध्यक्ष रवी अग्रवाल म्हणाले की लहान रकमांचे रिफंड सुटत आहेत. मोठ्या किंवा यंत्रणेनं धोक्याची खूण केलेल्या काही दाव्यांची तपासणी चालू आहे आणि डिसेंबरपर्यंत बाकीचे देऊ. डिसेंबरात लोकांना संदेश आले: तुमचा रिफंड रिस्क मॅनेजमेंटच्या प्रक्रियेत थांबवला आहे, चूक असेल तर ३१ डिसेंबरच्या आत रिटर्न सुधारा. कुठली चूक, कुठली ओळ, कुठला आकडा? कित्येकांना ते कळत नव्हतं. कंपनीला पुरावे वेळेत दिले नाहीत म्हणून फॉर्म सोळात न आलेली, पण खरीखुरी वजावट घेणारेही यात सापडले. बोरिवलीच्या एका करसल्लागार बाईंकडे त्या दिवसांत असे अशील येत होते जे आपली खरी वजावट सोडून द्यायला तयार होते. पैसे गेले तरी चालतील, पण नोटीस नको. वडिलांना दरमहा बँकेतून भाडं देणारा मुलगा घरभाड्याचा दावा मागे घेऊ का असं विचारतो, तेव्हा त्या संदेशानं करचुकव्याबरोबर सरळ माणसालाही घाबरवलेलं असतं. बाईंनी त्याला भाडेकरार, बँकेच्या नोंदी आणि वडिलांचं रिटर्न एकत्र लावून ठेवायला सांगितलं आणि दावा तसाच ठेवला. मला तो सल्ला मोलाचा वाटतो.

मुदतींचा हिशेब पाहा. नागरिकाला रिटर्न व्हेरिफाय करायला ३० दिवस, सदोष रिटर्नची नोटीस आली तर १५ दिवस, कलम २४५ ला २१ दिवस. खात्याला प्रोसेसिंगसाठी मात्र रिटर्न भरलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिने. २०२५ च्या जुलैत भरलेल्या रिटर्नसाठी ती मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपते. ती चुकली तर सीबीडीटी खास आदेश काढून वाढवू शकतं. कर निर्धारण वर्ष २०१८-१९ ते २०२०-२१ च्या रखडलेल्या रिफंडांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये असा आदेश निघाला. मुदत आधी ३१ जानेवारी २०२४ केली, मग ३० एप्रिल. तो आदेश लोकांच्या भल्याचाच होता, नाहीतर ते रिफंड बुडालेच असते. पण नागरिकाचे २१ दिवस उलटले तर त्याच्यासाठी असा आदेश निघत नाही.

व्याजातही तेच. कर भरायला उशीर झाला तर आपल्याला दरमहा एक टक्का. रिफंडला उशीर झाला तर कलम २४४-ए प्रमाणे सरकार देतं अर्धा टक्का. रिटर्न वेळेत असेल तर ते १ एप्रिलपासून मोजतात, पण रिफंड ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मिळतच नाही, आणि उशीर करदात्यामुळे झाला असं ठरलं तर तो काळ वगळतात. मुलुंडच्या शिक्षिकेचा नावबदलाचा काळ असाच त्यांच्या खात्यावर पडला. जे व्याज मिळतं ते पुन्हा करपात्र. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीचं प्रकरण या बाबतीत मुद्दाम सांगण्यासारखं आहे. १९७७-७८ ते १९८२-८३ मधल्या काही वर्षांच्या परताव्यावरचं व्याज खात्यानं १२ ते १७ वर्षं अडवून ठेवलं. २७ जानेवारी २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या विलंबाची भरपाई द्यायला लावली आणि खात्याला खडसावलं. २०१३ मध्ये गुजरात फ्लुओरो केमिकल्सच्या निकालानं मात्र त्याच न्यायालयानं स्पष्ट केलं की ती भरपाई त्या प्रकरणातल्या अतोनात उशिरापुरती होती. एरवी कायद्यात लिहिलंय तेवढंच व्याज. कंपनीला दिल्लीपर्यंत वकील नेता आला. १८ हजारांसाठी कोण जाणार?

म्हणून संस्थांनी केलेल्या लढाया मोलाच्या. ५ जुलै २०२४ नंतर रिटर्नच्या सॉफ्टवेअरमध्ये असा बदल झाला की शेअर विक्रीसारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर कलम ८७-ए ची सूट मागताच येईना. अनेक छोट्या करदात्यांचा रिफंड त्यामुळे घटला किंवा नाहीसा झाला. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सनं उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयानं डिसेंबरमध्ये मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवायला लावली आणि २४ जानेवारीच्या निकालात करदात्याला दावा मांडू दिलाच पाहिजे असं सांगितलं. तो मान्य करायचा की नाही हे नंतर ठरेल. नव्या कायद्याच्या वेळीही असंच झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या प्राप्तिकर विधेयकात मुदतीनंतर रिटर्न भरणाऱ्याचा रिफंडाचा हक्क जाईल असं कलम होतं. संसदेच्या निवड समितीनं ते काढायला सांगितलं आणि ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ते राहिलं नाही. १ एप्रिल २०२६ पासून तो लागू झाला (या लेखातले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक त्याआधीच्या कायद्यातले आहेत). बोललं तर ऐकलं जातं, याचा हा पुरावा आहे.

बोलायचं कुठे, हा उपनगरातल्या साध्या माणसाचा प्रश्न. प्राप्तिकर लोकपाल नावाची व्यवस्था मुंबईत होती. केंद्रीय मंत्रिमंडळानं फेब्रुवारी २०१९ मध्ये ती बंद केली, ऑनलाइन तक्रारींमुळे तिची गरज उरली नाही या कारणानं. आता प्राप्तिकर पोर्टलवरचं ई-निवारण आणि केंद्राचं तक्रार पोर्टल सीपीग्राम्स. बोरिवलीच्या त्या करसल्लागार बाई सांगतात की तक्रारीत गाऱ्हाणं थोडक्यात आणि नेमकं लिहावं: पोच क्रमांक, व्हेरिफाय केल्याची तारीख, रकमेचा हिशेब, खात्याची स्थिती, आणि एकच मागणी. उत्तर न देता तक्रार बंद केली तर पुन्हा टाकावी, आधीच्या क्रमांकासह. रिफंड वॉर्डातल्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत गेला असेल तर पत्र घेऊन बीकेसीतल्या प्राप्तिकर कार्यालयात जावं आणि पोच घ्यावी. रिटर्न भरण्याआधी पॅन आधारशी जोडलेलं आहे का पाहावं, कारण १ जुलै २०२३ पासून न जोडलेलं पॅन निष्क्रिय धरतात आणि जोडेपर्यंत रिफंडही नाही, त्या काळाचं व्याजही नाही. वर्षं उलटून गेली असतील तरी दार पूर्ण बंद नसतं. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो.

आणि वाट पाहणाऱ्याला लुटणारेही असतात. २०२३ मध्ये एक संदेश फिरत होता: १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर, खातं क्रमांक तपासण्यासाठी लिंक दाबा. सरकारच्या फॅक्ट चेक विभागानं तो खोटा असल्याचं जाहीर केलं. ज्याचा रिफंड खरोखर अडलाय तोच अशी लिंक आधी दाबतो. प्राप्तिकर खातं मेसेजमधून कधी लिंक देऊन पिन किंवा कार्डाचा तपशील मागत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

बोरिवली पूर्वेच्या एका काकूंचं प्रकरण या सगळ्याहून अवघड होतं. काका बेस्टमधून निवृत्त. त्यांनी रिटर्न भरलं आणि रिफंड यायच्या आत ते गेले. काकूंनी रीतसर मृत्यूचा दाखला देऊन खातं बंद केलं, आणि पुढच्या महिन्यात सीपीसीनं त्याच बंद खात्यात रिफंड पाठवला. तो परत गेला. काकांच्या पॅनवर येणारे ओटीपी काकांच्या मोबाइलवर, आणि ते सिमही बंद केलेलं. करसल्लागारांनी काकूंची पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करायला घेतली: दोघांचे पॅन, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा. पहिला अर्ज वारसाच्या कागदावरून नामंजूर झाला. दुसऱ्या वेळी पेन्शनच्या आदेशात कुटुंब निवृत्तिवेतनासाठी लिहिलेलं काकूंचं नाव पुढे केलं, तेव्हा मंजूर झाला. मग काकूंचं खातं व्हॅलिडेट करून रिफंड पुन्हा मागितला. ९,६०० रुपये आले.

काकूंनी दुसऱ्याच दिवशी करसल्लागारांना फोन केला. काकांच्या नावाची आणखी एक ठेव पुढच्या महिन्यात पिकत होती, आणि तिच्यावर टीडीएस कापला जाऊ नये म्हणून आता पंधरा-एच कुणाच्या नावानं भरायचा, हे त्यांना विचारायचं होतं.